खाली गाडी, भरली गाडी

हॉस्टेलवर नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठला रे तू?" मी "मेडशी" म्हणतो. समोरचा गप्प. मग मी "तालुका मालेगाव" म्हणतो. लगेच, "अच्छा, नाशिककडचा!" नाही हो. आमचं मालेगाव वेगळं, वाशिम जिल्ह्यातलं. आणि वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही "जिल्ह्याले जाऊन येतो" म्हणाली की अकोल्याचीच एसटी धरतात.

तर अकोल्याहून निघालं की पातूर लागतं, पातूरच्या पुढे घाट, आणि घाट चढून आलं की मेडशी. हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग १६१. अकोला, वाशिम, हिंगोली, नांदेड करत तो खाली तेलंगणात संगारेड्डीपर्यंत जातो. त्यामुळे आमच्या गावाला दोन गोष्टी न मागता मिळाल्या आहेत. रात्रभर ट्रकचा आवाज, आणि घाट चढून दमलेले ड्रायव्हर. गाडी बाजूला घ्यायची, चहा सांगायचा, हातातल्या लोखंडी रॉडने टायर ठोकत एक चक्कर मारायची, हे दृश्य मी शाळेत जायच्या आधीपासून बघतोय. रॉड टायरवर पडला की "टण्ण" आला तर हवा आहे, "भद्द" आला तर पंक्चर. निदानशास्त्राचा माझा पहिला धडा हाच, आणि त्याला जर्नल लिहावं लागलं नाही!

माझे मामा ट्रक चालवतात. स्वतःची गाडी आहे. म्हणजे आरसी बुकावर मामांचं नाव आणि त्याच्याखाली फायनान्सवाल्यांचं. जुना सहाचाकी ट्रक. हंगामात सोयाबीन, एरवी जे मिळेल ते. मी मेकॅनिकलला प्रवेश घेतला तेव्हापासून मामांना मी घरचा मिस्त्री वाटू लागलो. रात्री मेसमध्ये ताटावर बसावं आणि फोन वाजावा. "भाच्या, गाडी आवाज करून राह्यली. ऐक." आणि पलीकडून मामा तोंडाने आवाज काढून दाखवणार! मी फोन स्पीकरवर टाकायचो आणि आख्खं टेबल ऐकायचं.

हसू नका. तोंडाने काढलेल्या त्या आवाजांत बरंच शास्त्र असतं. गाडी जागेवरून उचलताना एकदाच "कट्" झालं, तर प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये किंवा स्प्लाइनमध्ये ढिलाई आली आहे. हळू चालताना "चिक्-चिक्-चिक्" आणि वेग वाढला की त्याच लयीत जलद, तर क्रॉसमधल्या सुया कोरड्या पडल्या आहेत. ॲक्सिलरेटर दाबल्यावर "कुईंऽऽ" आणि सोडल्यावर बंद, तर बोट मागच्या हाउसिंगकडे, म्हणजे क्राउन-पिनियनकडे. सतत "घर्रर्र", तर कुठलं तरी बेअरिंग. मराठीत नादवाचक शब्दांची चंगळ आहे, असं व्याकरणाच्या तासाला सांगायचे. ती चंगळ कुणाच्या उपयोगाची, ते गॅरेजमध्ये समजतं.

पण गेल्या दिवाळीच्या आधी मामांच्या गाडीने जो आवाज काढला तो या यादीत बसेना. "घूं... घूं..." असं काहीतरी, आणि त्याबरोबर केबिनमध्ये थरथर. वेग चाळीसच्या पुढे गेला की सुरू. तीसला काही नाही. मामांनी एका मोठ्या शहरातल्या गॅरेजात गाडी दाखवली. तिथल्या माणसाने एक चक्कर मारली आणि सांगितलं, "क्राउन-पिनियन गेला. सेट टाकावा लागेल, सोबत बेअरिंगं." खर्चाचा आकडा पाच आकडी. हप्त्याची तारीख दहा दिवसांवर. मामा तिथून गाडी तशीच घेऊन निघाले आणि घरी आले.

मी सुट्टीला घरी होतो. मामी काही बोलत नव्हत्या, पण घरात हिशेबाची वही दोन दिवस उघडीच पडलेली होती. एकीकडे हप्ता, दुसरीकडे घाट. ज्याने हा घाट भरलेल्या गाडीने चढला आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणारी ही एकच साखळी आहे: क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, ॲक्सल. यातला एक दुवा चढावर तुटला तर इंजिन नुसतं गुरगुरतं, गिअरमध्ये टाकून गाडी धरता येत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पुढच्या बाजूने शाफ्ट निसटला तर तो रस्त्याला टेकतो. मागे कोण असेल, दुचाकीवरचं कुणी असेल, काय सांगावं! म्हणून "वाजू द्या, हप्ता भरून मग बघू" हाही मार्ग नव्हता. आणि घाबरून पाच आकडी काम करायचं, तर ते काम नेमकं तेच आहे हे कशावरून?

गावाबाहेर हायवेला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिथल्या मिस्त्रींना सगळे "चाचा" म्हणतात. वय साठीच्या पुढे. चाचांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही आणि डावाही पूर्ण भरवशाचा नाही. चाळीस वर्षं घणाखाली आणि सायलेन्सरजवळ गेली. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ-आठ तास काढले की कान हळूहळू जातात, असं आपण सेफ्टीच्या धड्यात वाचतो. रस्त्याकडेच्या गॅरेजात डेसिबल मोजायला कोण येणार? तर असा हा माणूस, आणि मामा त्यांच्याकडे आवाज घेऊन गेले! मला आधी गंमत वाटली. मामांनी सवयीने तोंडाने "घूं..." सुरू केलं. चाचांनी हात वर केला.

"आवाज कसा हाय ते नोको सांगू मले. आवाज कवा येते ते सांग."

हे वाक्य मी त्या दिवशी रात्री वहीत लिहून ठेवलं. आपल्या चार वर्षांत इतक्या कमी शब्दांत इतकं मोठं कुणी सांगितल्याचं आठवत नाही. (सर, राग मानू नका!)

मग चाचांनी काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण सगळी मजा त्या क्रमात आहे.

पहिलं, गाडी उभी. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. मामांनी क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. क्लच दाबल्यावर आवाज आला असता तर रिलीज बेअरिंग. सोडल्यावर आला असता आणि दाबल्यावर गेला असता तर गिअरबॉक्सच्या आतलं, कारण क्लच सोडला की गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि काउंटर शाफ्ट उभ्या गाडीतही फिरतात, आणि क्लच दाबून ठेवला की थांबतात. इथे दोन्ही वेळा काही नाही. म्हणजे इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सचा पुढचा भाग, एवढ्यांवर काट.

दुसरं, रस्त्यावर. मालेगावच्या दिशेला सपाट, मोकळा पट्टा बघून निघालो. चाचा, मामा, मी. वेग पंचेचाळीस, आधी चौथ्या गिअरमध्ये, मग तोच वेग पाचव्यात. इंजिनचा आवाज बदलला, थरथर तीच राहिली. आता बघा, चौथ्यातून पाचव्यात गेलं की इंजिनचे फेरे कमी होतात, पण गिअरबॉक्सच्या मागचं सगळं गाडीच्या वेगाशी बांधलेलं असतं. थरथर इंजिनबरोबर बदलत नाही, गाडीच्या वेगाबरोबर बदलते, म्हणजे दोष गिअरबॉक्सच्या मागे. अर्धी गाडी एका गिअर बदलण्यात बाद! शिवाय याच चाचणीचा एक जोडधंदा आहे. पाचवा गिअर थेट असेल तर ताकद काउंटर शाफ्टवरून न जाता सरळ निघते. म्हणून बाकी सगळ्या गिअरमध्ये घरघर आणि टॉपमध्ये शांतता असं झालं तर काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यायचा.

तिसरं, त्याच सपाट पट्ट्यावर काही क्षण न्यूट्रल. इंजिन चालूच, कारण एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. चाचांनी मामांना दोनदा बजावलं, "हे घाटात कराचं नाई. कधीच नाई." डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. तर न्यूट्रल केल्यावरही थरथर चालूच. क्राउन-पिनियनचे दात झिजलेले असते, तर ओढ दिल्यावर एक सूर, ओढ सोडल्यावर दुसरा सूर किंवा शांतता, असं व्हायला हवं होतं. कारण ओढ देताना दाताची एक बाजू काम करते आणि गाडी स्वतः ढकलत असताना दुसरी. इथे ओढ असो नसो, काही फरक नाही.

चौथं, मोकळ्या मैदानात गाडी पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवली. डिफरन्शियलच्या आतले सन आणि स्टार पिनियन एकमेकांवर खऱ्या अर्थाने फिरतात ते वळतानाच. सरळ जाताना ते नुसते सोबत जातात. त्यामुळे फक्त वळणावर येणारा आवाज त्यांचा. हब बेअरिंग असेल तर एका बाजूला वळताना वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो. आमच्याकडे दोन्हीकडे सारखंच.

आणि पाचवा प्रश्न. हा चाचांनी चहा पिता पिता विचारला.

"भाऊ, एक सांग. भरेल गाडी जास्त वाजते का खाली गाडी?"

ट्रकवाल्यांच्या भाषेत खाली गाडी म्हणजे रिकामी गाडी. मामा क्षणभर थांबले. "चाचा, खाली. माल उतरवला का जास्त थरथरते. भरल्यावर बरी असते."

चाचा हसले. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मंग क्राउन-पिनियन काहून म्हणतात रे? तो तर वझं आल्यावर बोलीन."

मला त्या वेळी थिअरी ऑफ मशिन्सच्या पुस्तकातली एक आकृती डोळ्यासमोर आली. हूक्स जॉइंट. आपण सगळ्यांनी तिची डेरिव्हेशन घोटून पाठ केलेली आहे. पाटी कोरी असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन शाफ्ट एका रेषेत नसतील तर मध्ये क्रॉस टाकून त्यांना जोडतात. पण त्याला एक खोड आहे. पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी मागचा एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. शाफ्टमधला कोन दहा अंश असेल आणि पुढचा शाफ्ट मिनिटाला १६४० फेरे घेत असेल तर मागचा १६१५ ते १६६५ च्या दरम्यान झोके घेतो. आणि कोन जितका जास्त तितका झोका मोठा.

आता खाली गाडी आणि भरली गाडी यांचा संबंध लावा. गाडी भरली की पाटे दबतात, चासीस खाली येते, शाफ्टचा उतार कमी होतो, कोन लहान. गाडी रिकामी झाली की पाटे उचलतात, कोन मोठा. म्हणजे रिकामेपणी वाढणारी थरथर सरळ कोनाकडे बोट दाखवते, आणि कोनाचं दुखणं फक्त शाफ्टला असतं. गंमत अशी की पाट्यावर भार टाकला की तो त्या प्रमाणात दबतो हा नियमही रॉबर्ट हूकचाच. सतराव्या शतकातला इंग्लंडचा हा गृहस्थ आमच्या मामांच्या गाडीखाली दोन ठिकाणी बसलेला होता! जॉइंटची मूळ कल्पना त्याच्याही आधीची, सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्डानोच्या नावाने सांगतात. म्हणूनच काही जण या शाफ्टला कार्डन शाफ्ट म्हणतात.

रात्री घरी बसून मी आकडेमोड केली. चाकाचा घेर तीन मीटरच्या थोडा वर. ताशी ४५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला चार फेरे. पिनियन ६ दातांचा आणि क्राउन ४१ दातांचा धरला तर प्रोपेलर शाफ्टचे सेकंदाला सुमारे २७ फेरे. क्रॉसचा झोका फेऱ्यात दोनदा, म्हणून सेकंदाला ५४. आणि क्राउन-पिनियनचे दात सेकंदाला १६४ वेळा भिडणार. आता हे तीन आकडे कानाने बघा. चार म्हणजे धप् धप् धप्, मोजता येतं. टायरला फोड आली असेल तर हे. १६४ म्हणजे स्वच्छ सूर, हॉस्टेलमागच्या डीपीची जी गुणगुण आहे ती १०० ची, तिच्याही वरचा. आणि ५४ म्हणजे कानापेक्षा तळपायाला जास्त कळणारी थरथर. चक्कर मारताना चाचांनी एक हात केबिनच्या फळीवर टेकवून ठेवला होता तो का, याचं उत्तर माझ्या वहीत आलं. कानाने जे हुकलं असतं ते तळहाताने घेतलं. वेगाचंही तसंच. या झोक्यांनी येणारा हिसका वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीसचे पंचेचाळीस झाले की वेग दीडपट, पण हिसका सव्वादोन पट. म्हणून तीसला शांत आणि चाळीसच्या पुढे घूं... घूं.

पण क्रॉसची ही खोड तर प्रत्येक ट्रकमध्ये असते. मग सगळेच का थरथरत नाहीत? कारण मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो आणि दोन्ही टोकांचे यॉक एका रेषेत बसवलेले असतात. पुढच्या क्रॉसने दिलेला झोका मागचा क्रॉस उलटा झोका देऊन मिटवतो. अट एवढीच की दोन्ही कोन सारखे हवेत आणि यॉक एका रेषेत हवेत. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, खाचांमधून एकमेकांत सरकणारा. बसवताना खाच चुकली की यॉक तिरके होतात. मग मागचा क्रॉस झोका मिटवत नाही. पूर्ण काटकोनात चुकला तर झोका दुप्पट करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी खड्ड्यावर घेतली. चाकांना पुढून-मागून ठोकळे, इंजिन बंद, किल्ली चाचांच्या खिशात. हा त्यांचा नियम आहे. गाडीखाली माणूस असताना किल्ली गाडीत राहत नाही. आधी हाउसिंगच्या लेव्हल प्लगमध्ये बोट घालून तेल बघितलं. तेलात चमक नाही, भुकटी नाही. क्राउन-पिनियन खाल्ला जात असता तर तेलात चांदी दिसली असती. मग टॉमी लावून क्रॉस हलवले. मग शाफ्टवरचा चिखल आणि वाळलेलं ग्रीस पेचकसने खरवडायला घेतलं. मला म्हणाले, "बाण दिसते का पाह्य."

शाफ्टच्या दोन्ही तुकड्यांवर कारखान्यातून बाण ठोकलेले असतात. दोन्ही बाण समोरासमोर आले की यॉक एका रेषेत. मला एक बाण सापडला. दुसरा त्याच्या समोर नव्हता. कुशीला होता. खाचा मोजल्या, सोळा. बाण दोन खाचा सरकलेला. म्हणजे पंचेचाळीस अंश.

मग मामांना आठवलं. महिन्याभरापूर्वी परराज्यात, रात्रीच्या वेळी, रस्त्यात क्लच प्लेट बदलली होती. गिअरबॉक्स उतरवायचा तर शाफ्ट आधी काढावा लागतो. ज्याने केलं त्यालाही घाई, मामांनाही घाई, टॉर्च मोबाइलचा. शाफ्ट सुटून दोन तुकडे झाले असतील आणि बसेल तसा बसवला असेल. बोल्ट सगळे पक्के होते. काम वाईट नव्हतं, फक्त खूण बघितली नव्हती.

शाफ्ट काढला. मागच्या क्रॉसच्या एका कपाभोवती लाल भुकटी होती, सुया कोरड्या पडून गंजल्याची ती खूण. तो क्रॉस नवीन टाकला. ग्रीस भरताना चारही कपांतून बाहेर येईपर्यंत गन मारली. एका कपातून येत नसेल तर तिथे पोचलेलंच नाही, आणि पुढच्या वेळी तोच मरणार. बाण समोरासमोर घेतले आणि शाफ्ट बसवला. एक क्रॉस, ग्रीस, मजुरी. पहिल्या अंदाजाच्या दहाव्या हिश्शालाही पोचलं नाही. संध्याकाळी त्याच पट्ट्यावर पंचेचाळीस, पन्नास, पंचावन्न. चाचांनी हात फळीवर ठेवला, काढून घेतला, आणि बाहेर बघत बसले.

मी नंतर बराच विचार केला. समजा मामांनी क्राउन-पिनियनचा सेट टाकला असता. हाउसिंग उघडायचं तर शाफ्ट सोडावा लागतोच. परत बसवताना योगायोगाने बाण जुळले असते तर आवाज गेला असता, आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, "बघा, क्राउन-पिनियनच होता!" जुळले नसते तर नवा कोरा सेट टाकून गाडी पुन्हा घूं-घूं करत घाटात गेली असती, आणि तो चुकलेला झोका महिनोन्महिने क्रॉस, सेंटर बेअरिंग आणि पिनियनचं बेअरिंग खात बसला असता. दोन्ही बाबतीत पैसे मामांचे. अंदाज करणारा कधीच काही गमावत नाही. अंदाजाचं बिल नेहमी दुसऱ्याच्या नावावर फाटतं, आणि तो दुसरा बहुतेक वेळा हप्त्यावर जगणारा असतो. आपण उद्या शॉप फ्लोअरवर जाऊ, सर्व्हिसला जाऊ, कुणी आरटीओत जाईल. "बदलून टाका" म्हणणं तिथेही सोपंच असणार आहे.

काही मित्र म्हणतील, हे जुन्या गाड्यांचं झालं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, आता स्कॅनर लावला की सगळं कळतं. स्कॅनर मीही बघितला आहे, आणि तो भारीच आहे. पण जिथे सेन्सर आहे तिथलंच तो सांगणार. इंजिन, धूर, डिझेल, ब्रेकचं एबीएस. शाफ्ट दोन खाचा चुकीचा बसला आहे हे सांगणारा सेन्सर मामांच्या गाडीत नाही आणि नव्या ट्रकमध्येही मी अजून बघितलेला नाही. आणि रस्ते मात्र बदललेत. आमच्या बाजूचा रस्ता चौपदरी होण्याआधी खड्ड्यांच्या आवाजात असे चार रोग लपून जायचे. चाळीसच्या पुढे जायचीच सोय नव्हती! आता गुळगुळीत रस्त्यावर गाडी सलग साठने चालते, तेव्हा जे दुखणं आधी ऐकू येत नव्हतं ते ऐकू येतं, आणि वेगाच्या वर्गाने वाढतंही.

निघताना मी चाचांना विचारलं, "चाचा, तुम्हाला ऐकू कमी येतं, तरी कसं जमतं?" ते म्हणाले, "ज्याले मस्त ऐकू येते तो ऐकते अन् सांगून टाकते. मले ऐकू येत नाई म्हणून इचारा लागते." एवढं बोलून ते दुसऱ्या गाडीखाली गेले.

त्यांच्या शेडमध्ये एका खिळ्याला पांढऱ्या ऑइलपेंटची छोटी डबी आणि झिजलेला ब्रश टांगलेला असतो. शाफ्टला पाना लावायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर एक सरळ पांढरी रेघ. फ्लँजवर एक रेघ. मगच बोल्ट ढिला. बाण चिखलात बुजला, कारखान्याची खूण झिजली, पुढचं काम रात्री दुसऱ्याच राज्यात कुणी दुसऱ्यानेच केलं, तरी ती रेघ दिसते. आमच्या वर्कशॉपच्या खोक्यात मी या सत्रात तसाच एक ब्रश ठेवला आहे. आमच्या बॅचमध्ये गिअरबॉक्स खोलायच्या आधी कुणीतरी आता न सांगता रेघ मारतो.

आणि मामांचे फोन अजूनही मेसच्या वेळेलाच येतात. पण ते तोंडाने आवाज काढून दाखवत नाहीत, त्यामुळे आमच्या टेबलची करमणूक बंद पडली आहे. परवा म्हणाले, "भाच्या, लिहून घे. तिसऱ्या गिअरमध्ये. चढावर. भरेल असतानीच. क्लच दाबला का बंद." मी ताट बाजूला सारलं आणि पेन शोधायला उठलो.